देवाला सविस्तर कळवणारा माणूस

देव सर्वज्ञ आहे यावर आमच्या पाळकसाहेबांचा पूर्ण विश्वास होता. फक्त धुळ्याच्या बाबतीत त्याला थोडी मदत लागते, असं त्यांचं मत असावं. ही मदत ते दर रविवारी सकाळी, उपदेशाच्या आधीच्या लांब प्रार्थनेत करत. 'लांब प्रार्थना' हे आमच्या उपासनेच्या क्रमातलं तिचं अधिकृत नाव, आणि त्या नावाला इतका जागलेला पाळक मी पुन्हा पाहिला नाही. ही साठ-सत्तरच्या सुमाराची गोष्ट. आमची मंडळी म्हणजे चाळीसेक घरं: मिशनच्या शाळेतले मास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाई, दोन-चार कारकून, एस.टी.तले काही जण. मी नुकताच शाळेत मास्तर लागलो होतो आणि उपासनेत पेटी वाजवत असे. पेटीवाल्याची जागा पुढे, मंडळीकडे तोंड करून. त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मला मात्र सगळ्यांची तोंडं दिसत. माझे डोळे मिटलेले नसत, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दुसरे पाळक प्रार्थनेत म्हणतात, 'आजारी व दुःखी यांची आठवण कर,' आणि पुढे जातात. आमच्या साहेबांच्या मते हे नुसतं 'धुळे' एवढाच पत्ता घालून पत्र टाकण्यासारखं होतं. ते हात जोडत, डोळे घट्ट मिटत आणि त्यांच्या नगरकडच्या स्वच्छ मराठीत सुरू करत, "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, दवाखान्यामागच्या चाळीतल्या आमच्या नर्समावशींची डावीकडची खालची दाढ बुधवारी काढली. तिथे अजून सूज आहे. डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आहेत, पण मावशी त्या करत नाहीत. तू त्यांना सुबुद्धी दे." इकडे मावशींचा हात आपोआप गालाकडे जाई आणि आजूबाजूच्या बायका पदर तोंडात कोंबत. पुढच्या रविवारी दुरुस्ती होई. "पित्या, गेल्या खेपेला मी दाढ डावी सांगितली. ती उजवी होती. माझी चूक झाली, क्षमा असावी." मधल्या आठवड्यात देवानं भलत्याच दाढेकडे लक्ष पुरवलं असेल, याची त्यांना खरोखर काळजी वाटत असे.

या प्रार्थनेला सगळी मंडळी टरकून असे. साहेब गल्लीत शिरले की लोक औषधाच्या बाटल्या कपाटात सरकवत आणि भांडत असलेले नवरा-बायको एकदम भाजीपाल्याचं बोलू लागत. पण गंमत अशी, की ज्याचं नाव येत नसे तो त्याहून जास्त चिडे. आमच्या एका निवृत्त हेडमास्तरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि साहेब नेमके त्या आठवड्यात शिरपूरकडे डोंगरातल्या एका कुटुंबाला भेटायला गेलेले. रविवारी हर्नियाचं नाव नाही. हेडमास्तरांनी सरळ पंचांकडे लेखी तक्रार केली, की मंडळीत आपल्याला काही किंमतच राहिलेली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी हर्निया आला तो टाक्यांच्या संख्येसह आला, बायकामुलांच्या देखत, आणि बिचारे हेडमास्तर आशीर्वादापर्यंत फरशीकडे बघत बसले. तक्रार मात्र त्यांनी मागे घेतली.

आता या बातम्या साहेबांना मिळत कशा? तर पायी हिंडून. त्यांच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलेलं नाही. ती ते हातात धरून चालवत. हँडलला पिशवी, पिशवीत बायबल आणि छत्री. "साहेब, बसत का नाही?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बसलं की पुढे जावं लागतं हो. मग दारात उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचं कधी?" घरात आले की ते बैठकीत थांबत नसत. बैठकीत माणसं हवापाण्याचं बोलतात, असा त्यांचा अनुभव. ते तडक स्वयंपाकघरात जात, पाट ओढून चुलीशी बसत आणि समोर जे असेल ते हातात घेत. शेंगा असल्या तर शेंगा फोडत, तांदूळ असले तर खडे वेचत. बाई सांगत राही, साहेब खडे वेचत राहत. मग कोणी तरी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे करी. नगरकडच्या माणसाला आमचं खानदेशी तिखट झेपायचं नाही. दुसऱ्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागत. समोरच्या बाईला वाटे, आपल्या दुःखानं साहेबांचं काळीज हललं, आणि तिनं जे सांगायचं नाही असं ठरवलेलं असे तेही ती सांगून टाकी. नाही कसं म्हणायचं म्हणून साहेब आणखी ठेचा घेत. पुढे पुढे यातलं तिखटाचं पाणी किती आणि खरं किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

बोदवडला आमच्या मंडळीचं एकच घर होतं. रेल्वेत पॉइंट्समन असलेला एक भाऊ, त्याची बायको आणि दोन मुली. या चार जणांसाठी साहेब महिन्यातून एकदा गाड्या बदलत बोदवडला जात आणि तिथे संपूर्ण उपासना घेत. तीन गायनं, वाचन, उपदेश, दानार्पण, काही म्हणजे काही गाळत नसत. लांब प्रार्थनाही तशीच, धुळ्याच्या चाळीस घरांसकट. एका वर्षी हे बोदवडचे भाऊ नाताळाला धुळ्याला आले. आमच्यापैकी कोणालाच त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं. पण देवळाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी एकेकाचं नाव विचारलं आणि नाव ऐकताच चौकशी सुरू केली. "मावशी, दाढ कशी आहे? उजवीकडची ना?" "मास्तर, टाके नीट सुकले?" माझा हात धरून म्हणाले, "तुम्ही पेटीवाले ना? लग्नाचं जमलं का काही?" मी कानापर्यंत लाल झालो. पण त्या दिवशी ते जेवायला ज्या घरी गेले तिथे पाहुणा आला असं कोणालाच वाटलं नाही, हेही खरं.

देवळासमोर एका मारवाडी सेठजींचं कापडाचं दुकान होतं. रविवारी सकाळी गिऱ्हाईक कमी, आणि आमच्या खिडक्या रस्त्यावर उघडत. वर्षभर ऐकून ऐकून सेठजींना आमची सगळी दुखणी पाठ झाली होती. एकदा ते साहेबांना थांबवून म्हणाले, "साहेब, आमचा धरम वेगळा. पण तुमचा देव बारीक बारीक गोष्टी ऐकून घेतो असं दिसतं. पोरगा तीन वेळा मॅट्रिकला बसला, एवढं घालून द्या ना." साहेबांनी विषयवार घातलं, बीजगणितासकट. पोरगा पास झाला आणि पेढ्यांचा पुडा आला. पेढे पोचल्याचंही साहेबांनी देवाला रीतसर कळवलं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग ती प्रार्थना आमच्या घरावर आली.

माझे वडील, म्हणजे आमचे नाना, एस.टी.त ड्रायव्हर होते. धुळे-शिरपूर ही त्यांची गाडी. वीस वर्षांत त्यांच्या हातून साधं कुत्रंही चिरडलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान, की दिवाळीला लोक देव्हारा पुसतात तसा ते आपला ड्रायव्हरचा बिल्ला पुसत. बोलणं कमी. देवळात ते कायम मागच्या बाकावर, दाराशी. एका शुक्रवारी आई बाजाराला गेली होती आणि मी आत वह्या तपासत होतो. साहेब आले. खिडकीतून पाहिलं तर ओट्यावर नाना बोलत होते आणि साहेब ऐकत होते. नाना इतका वेळ बोलतात याचंच मला नवल वाटलं. मग मी पुन्हा वह्यांत डोकं घातलं.

रविवारी साहेबांनी डोळे मिटले आणि सुरू केलं, "हे पित्या, आमच्या नानांच्या डोळ्यांकडे तू लक्ष दे. मागच्या सोमवारी भर सकाळी सोनगीरच्या फाट्यावर डाव्या अंगानं बैलगाडी आली, ती नानांना दिसलीच नाही. गाडीवान वाचला तो तुझ्या कृपेनं. समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती त्यांना रंगीत कडी दिसतात. डोळे तपासायचा तक्ता त्यांनी पाठ केला आहे, म्हणून हे कोणाला कळलेलं नाही." माझा हात पेटीच्या भात्यावर तसाच राहिला. तिसऱ्या बाकावर डेपोचे हेडक्लार्क बसले होते. त्यांनी डोळे उघडले, मागे वळून नानांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. नानांचा चेहरा दगडासारखा होता. त्यांना धक्का बसला असणार, असं मी समजलो.

हेडक्लार्क भला माणूस. तीन दिवस त्यानं स्वतःशी झगडून काढले असावेत. बुधवारी संध्याकाळी घरी आला, चहा घेतला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "नाना, प्रार्थनेत ऐकलेलं बाहेर काढू नये, हे मला कळतं. पण माझी बहीण रोज तुमच्या गाडीनं शाळेवर जाते. मला झोप नाही." नाना म्हणाले, "तू तुनं काम कर, भाऊ." दुसऱ्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी नीट तपासलं. काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं गेलं होतं ते परत येणार नव्हतं. समोरचं तेवढं औषधांनी टिकेल, आणखी उशीर झाला असता तर तेही गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. पण हे शेवटचं वाक्य त्या वेळी आमच्या घरात कोणी ऐकलंच नाही. नानांचा बिल्ला गेला होता. डेपोच्या गेटवर त्यांना खुर्ची मिळाली, आणि ज्या माणसाची गाडी येताना पाहून शिरपूरच्या पोरी रस्त्याच्या कडेला सरकून उभ्या राहत, तो आता दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी दांडा वर-खाली करू लागला.

त्यानंतर साहेब आले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. "साहेब, तुमनी प्रार्थनाघाई मना घरना माणूस गेटवर जाई बसना. आते मना चुल्हाजोडे येवू नका," म्हणाली आणि रडू लागली. नाना आत होते. ते बाहेर आले नाहीत. मी बाहेर आलो आणि साहेबांना रस्त्यात गाठून, तरुण माणसाच्या अंगात येतो तो सगळा उद्धटपणा गोळा करून विचारलं, "तुम्ही पाळक आहात की वार्ताहर?" साहेब सायकल धरून उभे होते. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले आणि सायकल ढकलत निघून गेले. हे आठवलं की मला आजही लाज वाटते.

पुढच्या रविवारी साहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हे पित्या, आजारी व दुःखी यांची आठवण कर. आमेन." बस्स. लोकांनी डोळेच उघडले नाहीत. त्यांना वाटलं, साहेब दम घेताहेत. मी घाईघाईनं गायनाचा सूर धरला तेव्हा कुठे मंडळी भानावर आली. त्या दिवसापासून वर्षभर हीच प्रार्थना. साहेब घरोघर जात होते, चुलीशी बसत होते, ठेचा खाऊन रडत होते, पण ऐकलेलं सगळं त्यांच्यापाशीच राही. आधी मंडळीला सुटल्यासारखं वाटलं. मग हळूहळू करमेनासं झालं. नर्समावशींची आणखी एक दाढ काढावी लागली. "कोणाला कळलंसुद्धा नाही रे," त्या मला म्हणाल्या, "अशीच गेली बिचारी." बोदवडच्या भावांचं पंचांच्या नावे कार्ड आलं, की साहेब येतात पण धुळ्याचं काही कळत नाही, सगळे सुखरूप आहात ना, उलट टपाली लिहावं. सेठजींनीही एकदा विचारलं, "देव बदलला का तुमचा?"

नाना देवळात यायचे बंद झाले होते. रविवार आला की ते काही तरी काम काढत. साहेब दोनदा आमच्या ओट्यापर्यंत आले, तर नानांनी आत जाऊन पांघरूण घेतलं. हा राग आहे असं आई समजत होती आणि मीही समजत होतो. आम्हांला तो राग बरा वाटत होता, खोटं कशाला बोलू. पेटी मी सोडली नाही, कारण दुसरा वाजवणारा नव्हता. पण साहेबांकडे पाहायचं मात्र सोडून दिलं होतं.

मग साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. त्यांना परत नगरकडे बोलावलं होतं. शेवटच्या रविवारी सकाळी मी निघालो तर नाना धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून दारात तयार. "चाल," एवढंच म्हणाले. देवळात ते आपल्या जुन्या बाकावर बसले. साहेबांची एका वाक्याची प्रार्थना झाली, 'आमेन' झालं, मी बोटं पेटीवर ठेवली, आणि मागून बाक करकरल्याचा आवाज आला. नाना उभे राहिले होते.

आमच्यात उठून प्रार्थना करायला कोणालाही मोकळीक असते, पण नानांनी ती आयुष्यात केली नव्हती. प्रार्थना करायची ती पुस्तकातल्या मराठीत, आणि नानांच्या तोंडी फक्त अहिराणी. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"देवा, माले साहेबसारखं बोलता येत नही. मना डोया गयात, हाई मीच साहेबले सांगं व्हतं. शुक्रवारले मुद्दाम सांगं. माले माहीत व्हतं, त्या रविवारले तुले सांगतीन नि डेपोना भाऊ आयकी. त्याना पहिले वरीसभर मी रोज ठरावू, आज डेपोमा जाईसन सांगसू. मना तोंडमाईन ते निंघे नही. गाडीमा बठ्ठासना पोरंसोरं बसतस, देवा. मनी लाज मी साहेबना डोकावर टाकी दिन्ही नि घरमा दपी बसनू. साहेबनी काही चूक नही शे. आमेन."

मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण मिटले नाहीत. बायकांच्या बाजूला आई बसली होती. ती नानांकडे अशी पाहत होती, की जणू तीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच पाहतेय. हेडक्लार्क रुमालात तोंड घालून बसला होता. आणि साहेब मंचावर उभे होते, दोन्ही हात तसेच जोडलेले. त्यांनी घसा साफ केला, डोळे पुन्हा घट्ट मिटले आणि म्हणाले, "हे पित्या, गेल्या वर्षातलं बरंच राहून गेलं आहे." मग जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. मावशींची दुसरी दाढ आली, हेडमास्तरांचा दमा आला, माझ्या ठरलेल्या लग्नाची तारीख आली, बोदवडच्या धाकटीचा गोवर आला, सेठजींच्या नातवाचं बारसं आलं. एकाही बाजूची चूक झाली नाही. वर्षभरात ते काहीच विसरले नव्हते. उपदेश राहिला तो राहिलाच. आमचे सेक्रेटरी उपासनेत घड्याळ काढून बघण्याबद्दल प्रसिद्ध होते, पण त्या दिवशी त्यांचं घड्याळ खिशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना पोचवायला सगळी मंडळी स्टँडवर लोटली. सायकल टपावर चढली. सगळ्यांचे नमस्कार झाल्यावर नाना पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "साहेब, एक इचारू? मी मुद्दाम सांगं, हाई तुमले तव्हाच कळनं व्हतं का?"

साहेब हसले. "नाना, इतकी वर्षं लोक मला आपली दुखणी सांगतात. प्रत्येक जण शेवटी म्हणतो, साहेब, हे कोणाला सांगू नका बरं का. तुम्ही एकटेच तसं म्हणाला नाहीत."

"मंग वरीसभर आमना शिव्या काब्र खाध्यात? प्रार्थनामा तव्हाच सांगी टाकतात ना."

"तेच तर भय होतं," साहेब म्हणाले. "माझा स्वभाव तुम्हांला माहीत आहे. एकदा प्रार्थनेत तोंड उघडलं असतं तर मावशींच्या दाढेमागोमाग तेही बाहेर पडलं असतं. ते तुमचं होतं, तुम्ही सांगायचं होतं. म्हणून मी सगळंच बंद ठेवलं."

नानांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मी शेजारीच उभा होतो. वार्ताहराबद्दलची माफी माझ्या जिभेवर होती, पण कंडक्टरनं घंटी मारली आणि साहेब गर्दीतून आत शिरले. ती माफी मागायची राहिली. नंतर पत्रातून मागता आली असती, दोन-तीनदा कागदही घेतला, पण लिहिली नाही. साहेब आता नाहीत.

गाडी स्टँडच्या बाहेर वळली तशी नाना तिच्यामागे चालू लागले आणि रस्त्याच्या अगदी मधोमध जाऊन उभे राहिले. कडेला उभं राहून त्यांना गाडी दिसली नसती. आता त्यांना फक्त नाकासमोरचं तेवढं दिसे. मी त्यांना बाजूला घ्यायला धावलो, कारण शिरपूरची गाडी मागून सुटली होती आणि त्यांच्या पाठीशी येऊन थांबली होती. ड्रायव्हरनं मला हातानंच थांब म्हणून खूण केली. त्यानं इंजिन बंद केलं आणि नगरची गाडी दिसेनाशी होईपर्यंत हॉर्न वाजवला नाही.